वीस बादल्या पाणी गेलं कुठे?

ओळंब्याचा गोळा भिंतीच्या पायाशी दीड इंच लांब लोंबत होता. म्हणजे भिंतीचं डोकं घराच्या दिशेने दीड इंच झुकलं होतं. मागच्या महिन्यात हेच माप एक इंच होतं. मी दोरी सोडून परत बांधली, वारा पडायची वाट पाहिली आणि पुन्हा मोजलं. दीडच.

"मॅडम, टेप बदलून बघू का?" गणपत मिस्त्रीने विचारलं.

"टेपचा काय दोष?"

"नाही, बघितलेलं बरं."

दुसऱ्या टेपनेही दीड इंचच आलं.

ऑक्टोबर होता. पाऊस संपून आठवडा झाला होता. जागा विवळवेढ्याच्या पुढे, हायवे सोडून तलासरीच्या बाजूला आत शिरलं की लागणाऱ्या एका पाड्यावरची. घर भास्कर सरांचं. सर आश्रमशाळेत गणित शिकवतात. तीन वर्षांपूर्वी त्यांनी डोंगराच्या पायथ्याला जेसीबीने सपाटी करून घर बांधलं. दोन पावसाळ्यांत मागचा उतार दोनदा घसरून परसात आला, तेव्हा कोणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं. मी सिव्हिल इंजिनियर. राहते नरपडला, ऑफिस डहाणूत. गेली सव्वीस वर्षं बहुतेक बंगले, कंपाउंड आणि गोडाउन करत आले आहे. ही भिंत मीच डिझाइन केली आणि मीच उभी राहून बांधून घेतली. मेअखेरीस काम संपलं. भिंत जेमतेम पाच महिन्यांची होती आणि झुकायला लागली होती.

उतार कापून घर बांधलं की मागची माती पुढे यायला बघते. तिला अडवते ती रिटेनिंग वॉल. मातीच्या जोराचं गणित करता येतं. आमच्या कामात भीती असते ती पाण्याची. मातीत पाणी साठलं की जोर भलताच वाढतो आणि चांगल्या चांगल्या भिंती आडव्या होतात. म्हणून भिंतीच्या मागे पाण्याला वाट ठेवायची. मी ती ठेवली होती. मागे दीड फूट रुंद खडीचा थर, खडीत माती शिरू नये म्हणून तिच्याभोवती जाडसर कापड, तळाशी भोकं पाडलेला चार इंची पाइप. पाइपाला उतार स्वयंपाकघराच्या बाजूला, आणि त्याचं तोंड घराला वळसा घालून रस्त्याच्या गटारात. शिवाय भिंतीत आरपार ठेवलेल्या छोट्या नळ्या. त्यांना वीपहोल म्हणतात. मागे पाणी चढलंच तर ते या नळ्यांतून पुढे गळून जातं. गळणारं वीपहोल पाहून घरमालक घाबरतात आणि इंजिनियरला बरं वाटतं.

आता गंमत अशी होती की भिंतीच्या न्हाणीकडच्या अर्ध्या भागातली वीपहोल्स अजून गळत होती आणि तो भाग ओळंब्यात अगदी सरळ होता. स्वयंपाकघराकडचा अर्धा भाग कोरडा ठणठणीत होता आणि झुकत होता तो तोच.

मला हे उलटं वाटत होतं. जिथे पाणी, तिथे त्रास हवा.

पहिला संशय अर्थातच वीपहोल तुंबल्याचा. बांधताना नळीत सिमेंट-वाळूचा मसाला जाऊ नये म्हणून गवंडी तोंडात गोणपाटाचा बोळा घालतात आणि कधी कधी तो तसाच राहतो.

"बोळे काढले होते ना?"

गणपत मिस्त्रीला राग आला. माझ्याबरोबर अकरा वर्षं काम करतोय. त्याने एक लांब सळई आणली आणि एकेका कोरड्या नळीत घातली. सळई भिंत ओलांडून खडीत खर्रकन जायची. बाहेर काढली की तिच्या टोकाला ओलसुद्धा नसायची.

"बोळे?" तो म्हणाला.

"नाहीत," मी म्हणाले.

म्हणजे मागे पाणी साठलेलं नव्हतं. मग ढकलत काय होतं? मी वर चढून पाहिलं. भिंतीच्या मागे कोणी ट्रक उभा केला नव्हता, मातीचा ढीग नव्हता, नवं झाड नव्हतं. ऑफिसात जाऊन डिझाइनचे कागद काढले आणि सगळं गणित पुन्हा केलं. चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं. सापडली नाही.

दोन दिवसांनी परत गेले तेव्हा सरांच्या पत्नी सुनंदाताई स्वयंपाकघरात भाकऱ्या करत होत्या. त्यांच्या पाठीमागे खिडकी, आणि खिडकीबाहेर सहा फुटांवर माझी भिंत.

"मॅडम, सरळ सांगा. पडेल का?"

"माहीत नाही."

"तुम्हालाच माहीत नाही?"

मी म्हणाले, "माहीत होईपर्यंत इथे स्वयंपाक करू नका. पुढच्या पडवीत करा."

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, भाजून घेतली, मग गॅस बंद केला. त्याच दिवशी शेगडी पडवीत गेली. मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. कोरड्या बाजूच्या अंगणात पेव्हर ब्लॉकवर पाय ठेवला तर एके ठिकाणी पोकळ वाजलं. ते मी वहीत लिहिलं, पण त्याचा अर्थ लागला नाही.

संध्याकाळी पालघरला माझ्या जुन्या साहेबांना फोन केला. त्यांच्या हाताखाली मी काम शिकले. आता ते रिटायर झालेत, पण ऐकून घेतात.

"भिंत कोरडी आहे आणि झुकतेय," मी म्हणाले.

"पाइपाच्या तोंडातून पाणी येतंय का?"

"येतंय. अगदी करंगळीएवढी धार."

"आणि वरून येतंय किती?"

"ते कसं सांगू?"

"सांगू नकोस. मोज. मोजल्याशिवाय पुन्हा फोन करू नकोस."

पाइप साफ करता यावा म्हणून न्हाणीकडच्या टोकाला मी एक उभा पाइप वर काढून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी गणपत मिस्त्री वर उभा राहिला आणि त्यात पाणी ओतू लागला. मी खाली गटारापाशी पाइपाच्या तोंडाजवळ बसले. सर शाळेतून लवकर आले होते. ते मध्ये उभे राहून बादल्या मोजत होते.

पाच बादल्या झाल्या. धार तेवढीच. दहा झाल्या. तेवढीच. वीस बादल्या झाल्या तेव्हा सरांनी वरून विचारलं, "वाढली?"

"नाही."

"पाइप तुंबलाय का?"

"तुंबला असता तर तुमच्या बाजूला भरून आला असता. वर पाणी दिसतंय?"

"काहीच नाही. गटकन जातंय."

वीस बादल्या पाणी आत गेलं होतं आणि कुठूनच बाहेर आलं नव्हतं. वीपहोलमधून नाही, पाइपातून नाही, अंगणात नाही. गणिताचे मास्तर असलेल्या भास्कर सरांनी तेवढ्यात बादल्या पुन्हा मोजल्या. रिकामी बादली तर एकच होती. काय मोजलं कोण जाणे!

पाणी कुठे जातं ते शोधायचं तर त्याला रंग द्यायचा. आसपास विहिरी, हातपंप असतात, तेव्हा भलतं काही ओतायचं नाही. मी डहाणूला फरसाणवाल्याकडे जाऊन जिलबीत घालतात तो केशरी रंग मागितला. मोठं पाकीट मागितल्यावर त्याने वर पाहिलं.

"लगन छे के शुं, बेन?"

"भिंतीसाठी हवाय," मी म्हटलं. त्याने पुढे काही विचारलं नाही.

सकाळी दहाला रंग ओतला. वरून तीस बादल्या पाणी सोडलं. दुपारी चारपर्यंत पाइपाच्या तोंडाशी बसले. स्वच्छ पाणी येत होतं, करंगळीएवढंच. मी घरी आले. जेवताना नवऱ्याने विचारलं, "आज काय केलंस?" मी म्हटलं, "रंग हरवला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा फोन. आवाज दबका.

"मॅडम, जरा येता का? खालच्या लाडकीबाय आल्यात."

लाडकीबाय सरांच्या घराच्या खालच्या अंगाला राहते. मध्ये भाताचं एक खाचर आणि मग तिचं घर. साठीच्या पुढची असावी. मी पोचले तेव्हा ती सरांच्या अंगणात कळशी घेऊन उभी होती. तिने कळशी वाकडी केली. केशरी पाणी पेव्हर ब्लॉकवर पसरलं.

"ह्यो रंग कोनी टाकला?"

"मी," मी म्हणाले. "खायचा रंग आहे. त्याने काही होत नाही."

"माझ्या झिऱ्यात का टाकला?"

"तुमच्या झिऱ्यात नाही टाकला. इथे टाकला. भिंतीच्या मागे."

तिने भिंतीकडे बघितलं.

"असं होय," ती म्हणाली. तिला लगेच समजलं. मला अजून समजायचं होतं.

आम्ही तिच्याबरोबर खाली गेलो. तिच्या घराच्या मागे, बांधाच्या कुशीत, हातभर खोल खड्डा दगडांनी बांधून काढलेला. त्यात बांधातून पाणी पाझरत होतं. झिरा म्हणतात तो हाच. पाणी अजून फिकट केशरी होतं. शेजारी वाफ्यांत मिरचीची रोपं लावलेली, हिरवीगार.

ती सांगत गेली. तिच्या सासऱ्याने डोंगरातलं पाणी या झिऱ्यापर्यंत आणायला वरपासून दगडाचा पाट बांधला होता. वरून दगडच टाकून झाकला होता, म्हणजे गुरांचा पाय पडत नसे. झिऱ्याला होळीपर्यंत पाणी असायचं. भांडी, गुरं, मिरची सगळं त्यावर. प्यायला वरच्या पाड्याचा हातपंप. मग सरांच्या घरासाठी जेसीबी आला, सपाटी झाली आणि झिरा आटला. तीन वर्षं तिने मिरची लावली नव्हती.

"यंदा पावसात पानी परत आला," ती म्हणाली. "म्हटलं, देवानं दिला. म्हनून रोपं लावली."

भास्कर सर खाली बघत होते.

"मला का नाही सांगितलंत?" त्यांनी तिला विचारलं.

"जेसीबीवाल्याला सांगितला होता. त्यो हसला. तुमी शाळंत होते."

मग ती माझ्याकडे वळली.

"बाय, तुला पन विचारला होता. तू पाया खनत होतीस तवा. पानी कुठं सोडनार म्हनून."

मला आठवलं. एप्रिलमध्ये पाया खणताना एक बाई खड्ड्याच्या कडेला येऊन उभी राहिली होती. मी म्हटलं होतं, पाइपने गटारात. तिने मान डोलावली आणि गेली. त्याच दिवशी गणपत मिस्त्रीने मला स्वयंपाकघराच्या टोकाला खड्ड्याच्या तळाशी मोकळे दगड दाखवले होते. मी बघितलं, जुनी दगडी भर असेल असं वाटलं आणि म्हटलं, चालेल, वर काँक्रीट टाक. दोन्ही गोष्टी एका दिवशीच्या. मी त्या एकमेकींना जोडल्याच नाहीत.

त्या दिवशी आम्ही पोकळ वाजणारे पेव्हर ब्लॉक काढले आणि भिंतीच्या पुढच्या पायाशी तीन फूट खणलं. पाट दिसला. दोन बाजूंना उभे दगड, वर आडवे. माझा पाया बरोबर त्याच्यावरून गेला होता. सपाटीच्या वेळी जेसीबीने पाटाचं वरचं तोंड मातीने बुजवलं होतं. त्यामुळे डोंगराचं पाणी उतारातच साठत राहिलं आणि तो दोनदा घसरला. मग मी पाया खणला आणि नकळत ते तोंड पुन्हा उघडलं. वर खडीचा थर घालून त्याला आणखी पाणी पुरवलं. पाणी मला हव्या त्या पाइपात न जाता आपल्या जुन्या रस्त्याला लागलं. पाइपाच्या तोंडाशी येणारी स्वच्छ धार पाटाच्या पलीकडून पाइपात झिरपणाऱ्या पाण्याची असावी. जाताना पायाखालची बारीक माती नेत गेलं. मी भिंतीच्या पुढच्या कडेखाली हात घातला. मनगटापर्यंत आत गेला. भिंतीला मागून कोणी ढकलत नव्हतं. तिच्या पायाखालची जमीन जात होती.

कोडं सुटलं होतं, पण डोकं मोकळं झालं नव्हतं. आमच्या पद्धतीप्रमाणे उपाय सरळ होता. पाट काँक्रीटने बंद करायचा, पायाखालची पोकळी भरायची, सगळं पाणी गटारात. मी तसं स्केच काढलं. सरांना दाखवलं. सरांनी ते बघितलं, घडी केली आणि हातात धरून ठेवलं.

"म्हणजे तिचा झिरा परत आटणार."

"हो."

"मग दुसरं काहीतरी सांगा."

"सर, तुमचं घर आहे. आधी ते बघू."

"घर बघूच. पण मीच तिचं पाणी तोडलं आणि तीन वर्षं मला पत्ता नव्हता. आता पत्ता असताना कसं तोडू?"

मी दोन दिवस कागदावर रेघा मारत बसले. पाणी पाटातून जाऊ द्यावं तर भिंत जाते. गटारात न्यावं तर मिरची जाते. बराच वेळ मी पाट आणि पाणी या दोन गोष्टी एकच धरून चालले होते. लाडकीबायला पाट नको होता, पाणी हवं होतं. लिहिताना हे पोरकट वाटतं. तेव्हा मला ते सुचायला दोन दिवस लागले.

आधी भिंत. एका वेळी तीन फूट लांबीचाच पाया उघडायचा, पोकळी काँक्रीटने ठासून भरायची, ते घट्ट झालं की मध्ये जागा सोडून पुढचा तुकडा घ्यायचा. सगळा पाया एकदम उघडला तर भिंत अंगावरच येते. तोवर भिंतीला लाकडी टेकू. मग स्वयंपाकघराच्या टोकाला, भिंतीच्या मागे, खडी जिथे संपते तिथे एक चेंबर बांधलं. चेंबर म्हणजे सिमेंटची चौकोनी टाकी, तळ पक्का, त्यामुळे पाणी खाली जाऊ शकत नाही. पाट तिथेच बंद केला. चेंबरमधून भोकं नसलेला पाइप अंगणाच्या कडेने, खाचराच्या बांधावरून, थेट झिऱ्याच्या वरच्या अंगाला. तिथे खडी-वाळूचा खड्डा, त्यातून पाणी गाळून झिऱ्यात. पावसाळ्यात जास्तीचं पाणी चेंबरच्या वरच्या पाइपातून गटारात. सरांच्या घराच्या सांडपाण्याचा शोषखड्डा दुसऱ्या बाजूला आहे, हे मी आधी दोनदा तपासून घेतलं.

स्केच घेऊन आम्ही लाडकीबायकडे गेलो. कागदाकडे तिने पाहिलं नाही. मी काडीने मातीत रेघ काढून दाखवली.

"पाइपाचा पानी झिऱ्याला येल होय?"

"येईल."

"नक्की?"

आमच्या धंद्यात अशा वेळी नक्की म्हणायची पद्धत आहे. मी म्हटलं, "मला वाटतं येईल. नाही आलं तर मी परत येऊन खणेन."

"मंग कर," ती म्हणाली. "पर रोपं पायाखाली घेऊ नका."

काम सोळा दिवस चाललं. पाट बंद केला त्या दिवसापासून झिरा आटत गेला. पाइप जोडल्यावर पहिल्या दिवशी काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लाडकीबाय हंड्याने हातपंपावरून पाणी आणून रोपांना घालत होती आणि माझ्याशी बोलत नव्हती. गणपत मिस्त्री माझ्याशी बोलत होता, पण फक्त कामापुरतं. मी चेंबर उघडून बघितलं, पाणी होतं. पाइपाचं वरचं तोंड बघितलं, मोकळं होतं. उतार तपासला, बरोबर होता. मग पुन्हा तेच. पाणी आत जातंय, बाहेर येत नाही. त्या दिवशी मला खरंच वाटलं की आता धंदा बंद करावा.

तिसऱ्या दिवशी दुपारी झिऱ्यात गढूळ पाणी आलं. खड्ड्यातली कोरडी वाळू आधी स्वतः पाणी प्यायली असावी, आणि खालची जमीनही. असावी म्हणते, कारण त्याला दोन दिवस लागावेत एवढी ती वाळू नव्हती. पाचव्या दिवशी पाणी निवळलं. लाडकीबायने ओंजळीत घेऊन वास घेतला आणि कळशी भरली.

या गोष्टीला आता एक पावसाळा उलटून गेला. भिंत दीड इंचावरच आहे. आणखी झुकली नाही, आणि मागे तर येणारच नव्हती. सुनंदाताईंची शेगडी स्वयंपाकघरात परत गेली, पण खिडकीला त्यांनी पडदा लावला आहे. झिऱ्याला यंदा पाणी होतं, मात्र होळीच्या तीन आठवडे आधी ते संपलं. लाडकीबाय म्हणते, पाटाचं पाणी जास्त टिकायचं. हिशेबाप्रमाणे पाणी तेवढंच असायला हवं. कमी का पडलं, ते मला अजून सांगता येत नाही. मिरची मात्र निघाली.

साइट बघायला जाताना मी एक छापील फॉर्म नेते. मातीचा प्रकार, उताराची उंची, जवळची झाडं, शोषखड्डा. त्यात आता एक रकाना वाढवला आहे: पाणी आधी कुठे जात होतं. तो घरमालकाला विचारून भरायचा नाही. उतारावरून खाली चालत जायचं आणि जे पहिलं घर लागेल, तिथे विचारायचं.